अक्काचा बर्फाचा डोंगर

निखिल आणि अदिती, तुमच्या बाबांचा टोरांटोहून फोन आला तेव्हा मी प्रवासाची औषधं डब्यात भरत होते.

"आई, नेपाळमध्ये गोळीबार चाललाय. इथे टीव्हीवर दाखवताहेत. तू जाऊ नकोस."

"आमच्या टीव्हीवर अजून काही दाखवलेलं नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर मी फोन केला!"

तुमचे बाबा शाळेत असल्यापासून वादात माझ्यासारखेच आहेत, तेव्हा मी फार बोलले नाही. रेल्वेचं आरक्षण झालं होतं, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या आणल्या होत्या. आणि माझं मन पक्कं झालं होतं. ते का झालं होतं आणि आम्ही तिथे काय पाहिलं, हे तुम्ही दोघं दर पत्रात विचारता म्हणून सगळं एकदा नीट लिहून पाठवते आहे.

तुमच्याकडे कॅनडाला यायचं तर ते तुमच्या बाबांच्या तिकिटावर. मला निदान एक परदेश आमच्या पेन्शनीवर पाहायचा होता. इथे जळगावात, पिंप्राळ्यातल्या शेजारणी हसल्या, "नेपाळ काय परदेश म्हणायचा? पासपोर्टसुद्धा लागत नाही." पण जिथलं नाणं वेगळं, घड्याळ वेगळं आणि राजा वेगळा, तो माझ्या हिशेबी परदेश. त्या वर्षी त्या राजाशीच लोकांचं भांडण चाललं होतं. तिथे राजकीय पक्षांना बंदी होती, ती उठवा म्हणून मोर्चे निघत होते, दुकानं बंद होत होती, संचारबंदी लागत होती. मी वर्तमानपत्रातली प्रत्येक बातमी वाचत होते. तरीही जायचंच होतं, कारण अक्का.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. यावलच्या पुढे आमचं गाव, तेच अक्काचं सासरही, तिथे केळीची शेती, आणि अक्का त्या घरात लग्न होऊन आल्यापासून फार तर जळगावपर्यंत आलेली. एका मे महिन्यात ती दाताच्या डॉक्टरकडे आली होती. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. मी पाणी काढायला फ्रीज उघडला, तर तिने वरच्या कप्प्यात हात घातला आणि काढेचना.

"सुमन, हे असं डोंगरभर असते म्हनतात, ते खरं का व?"

मी म्हटलं, "खरं आहे. हिमालयावर असतं."

"पाह्यलं तू?"

"नाही."

"मंग खरं कशावरून?"

मी तीस वर्षं मुलांना भूगोल आणि इंग्रजी शिकवलं. हिमालय मी फक्त नकाशात दाखवला होता. तेव्हापासून आम्हा दोघींचं ठरलं की जायचं तर बरोबर. पण बर्फ पाहायला म्हणून सत्तरीच्या विधवा आईला कोणी घराबाहेर सोडत नाही. देवाला सोडतात. म्हणून मी पशुपतीनाथाचं नाव काढलं, आणि अक्काचा मुलगा नाना एका क्षणात हो म्हणाला. डोंगराचं आम्ही कोणालाच सांगितलं नाही, आजोबांनाही नाही.

मग बातम्या वाढल्या. नाना मोटरसायकलवरून थेट पिंप्राळ्याला आला. अक्का आदल्याच दिवशी गाठोडं घेऊन माझ्याकडे आलेली.

"मामी, देव काय पयून चालला का? औंदा नही तं पुढच्या साली. तठी गोया चालू राह्यल्या, आन तुम्ही म्हातारे मानसं..."

"संचारबंदी राजधानीत आहे नाना, सगळ्या देशात नाही," मी म्हटलं.

"एरंडोलजवय पद्मालय हाये ना! जीपनं नेतो, संध्याकायी घरी. गनपती काय अन् महादेव काय, बापलेकच."

अक्का तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "एक साली विहीर खंदायची व्हती. एक साली तुझ्या पोरीचं लगन व्हतं. आता नेपायचा राजा आडवा आला. पुढच्या साली कोन येईन रे?"

नाना उठला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामी, तुमच्या भरोशावर धाडतो. पन एक सांगतो, आता मधूनच परत आली तं पुन्हा मी तिले उंबऱ्याबाहेर पडू देनार नही."

तो प्रेमाने बोलला होता आणि तो शब्दाला पक्का आहे, हे मला माहीत होतं. म्हणजे ही एकच खेप होती.

दोन दिवसांनी निघण्याआधी गावात जाऊन यावं लागलं. देवाला निघालेल्या माणसाला आमच्याकडे सगळं गाव वेशीपर्यंत पोचवायला येतं. बायांनी अक्काची पायधूळ घेतली, नारळ दिला आणि प्रत्येक जण म्हणाला, "आमचाबी नमस्कार सांगजो देवाले." अक्का सगळ्यांना "हाव, सांगते" म्हणत गेली. बसमध्ये बसल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "सुमन, येवढे नमस्कार घेतले. देवाकडे गेलो नही तं हे ठेवू कुठी?"

सीमेवर

आगगाडीचं वर्णन करत नाही, घाम आणि धूळ तुम्हाला कल्पनेनेही कळायची नाही. केळ्यांचं मात्र सांगायला हवं. अक्काने हिरव्या केळ्यांची टोपली घेतली होती. एक फणी जास्त भरलेली, दुसरी कमी, तिसरी अगदी कोवळी, म्हणजे वाटेत पाळीपाळीने पिकत जातील आणि परतीपर्यंत पुरतील. घरच्या अंधाऱ्या खोलीत हे जमतं. पण गाडीच्या बाकाखाली, वरून गोधडी टाकलेली, त्यात गोरखपूरची गरमी. सगळी टोपली एका रात्रीत पिकली. सोनौलीला उतरलो तेव्हा आमच्या आधी आमचा वास पोचत होता. अक्का दिसेल त्याला केळं देत सुटली. सामान तपासणाऱ्या शिपायाने तीन खाल्ली आणि आमच्या पिशव्या न उघडताच हात हलवला. परक्या देशात आमचा प्रवेश हा असा, गोड तोंडाने झाला.

पलीकडच्या गावात, भैरहव्याला, मात्र चेहरे बदलले. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, लोक घोळक्याने उभे राहून हळू बोलत होते. बसच्या कचेरीतला माणूस आजोबांना म्हणाला, "काठमांडू बंद. आज गेलात तर वाटेत अडकाल."

चहाच्या टपरीवर आजोबांनी टोपी काढून बाकावर ठेवली. ते टोपी काढतात तेव्हा निर्णय झालेला असतो.

"परत फिरायचं. गोरखपूरला दोन दिवस थांबू, मिळेल त्या गाडीने घरी. देव कोपणार नाही."

मी म्हटलं, "काठमांडूला जायलाच हवं असं कुठे आहे? पोखऱ्याची बस चालू आहे. रस्ता वेगळा आहे, मी चौकशी केली."

"पोखऱ्याला पशुपतीनाथ आहे का?"

"नाही."

"मग तिथे काय आहे?"

मी अक्काकडे पाहिलं. तिने बशीतला चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि भावाला सांगितलं, "दामू, मले बरफाचा डोंगर पाह्यचा आहे. देव मी घरीबी पाहाते रोज."

आजोबांना हे समजायला वेळ लागला. "म्हणजे तुम्ही दोघींनी नानाला फसवलं?"

"फसवलं नही. डोंगर पाह्यचा का म्हनून त्यानं इचारलंच नही."

आजोबांनी बाकावरची टोपी हातात घेतली. मला वाटलं आता रागावणार. पण ते म्हणाले, "लहानपणी ही मला झाडावर चढवायची आणि खाली उभी राहून विचारायची, काय दिसतं रे? हिला कोणी चढू द्यायचं नाही." मग टोपी डोक्यावर ठेवून तिकिटं काढायला गेले.

डोंगरातून

बुटवलच्या पुढे रस्ता वर वर जाऊ लागतो. आपला सातपुडा म्हणजे क्षितिजावर टेकलेली निळी रेघ. शेतातून मान वर केली की दिसते आणि जागची हलत नाही. इथे डोंगर बसच्या खिडकीत घुसत होते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, उतारावर पायऱ्यांसारखी शेतं. ती पाहून अक्काला वाईट वाटलं. "वाफा एवढासा! बैल वयवाले बी जागा नही." तानसेन गावाजवळ लाल फुलांनी भरलेली झाडं लागली. बसमधल्या एका मुलीने ती फुलं वेणीत माळली होती.

दर मोठ्या डोंगराला अक्का विचारायची, "हा का?"

"नाही, अक्का."

"मंग हा?"

"हाही नाही. हे नुसते डोंगर. तो पांढरा आहे."

"हे टेकडे असतीन, तं तो केवढा असंन व माय!"

पोखरा

तळ्याजवळ एका छोट्या लॉजमध्ये उतरलो. मालकीण कमलादिदी पस्तिशीची, नवरा शाळामास्तर. मोर्चात होता म्हणून पोलिसांनी त्याला नेलं होतं. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, रडून नव्हे, सगळीकडे ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं. आम्ही भारतातले म्हटल्यावर म्हणाली, "तुमच्या सरकारनं आमचं रॉकेल अडवलं. आता तुमचा चहा लाकडावर होणार, धुराचा वास येईल, तक्रार करायची नाही." दोन्ही देशांचा व्यापाराचा करार आदल्या वर्षी मोडला होता, आणि त्याचा जाब मी द्यायचा होता. मी म्हटलं, "आमच्या चुलीवरच्या चहालाही धुराचा वास असतो." त्यावर ती पहिल्यांदा हसली.

जेवायला दोन्ही वेळ भात, डाळ आणि सुकवलेल्या पाल्याची आंबट भाजी. भाकरी नाहीच. अक्का ताटाकडे बघून म्हणे, "भात खाल्ला म्हनजे जेवन झालं का जेवनाची तयारी झाली?" तिसऱ्या दिवशी तिने गाठोड्यातलं कळण्याचं पीठ काढून, ते आपलं ज्वारी-उडदाचं, कमलादिदीच्या चुलीवर भाकरी थापल्या. कमलादिदीने एक तुकडा मोडून, लाल मिरचीच्या ठेच्यात बुडवून खाल्ला आणि तशीच पाण्याच्या घागरीकडे धावली.

आणि डोंगर? डोंगर नव्हता. चैत्रात तिथे जंगलं पेटतात, धूर आणि धूळ हवेत लटकून राहते. पहाटे, दुपारी, संध्याकाळी आम्ही गच्चीत जाऊन उत्तरेकडे बघत होतो, आणि उत्तरेला नुसतं मळकं आभाळ होतं. जो तो बोट दाखवायचा, "तो काय समोर!" अक्का डोळ्यांवर हात धरून बघायची.

"सगये म्हनतात, आहे," ती एकदा म्हणाली. "आपल्या गावच्या डांबरी रस्त्याचं बी असंच म्हनतात."

गावातही बंद होता. सकाळी थोडा वेळ बाजार उघडायचा, मग शुकशुकाट, मग कुठून तरी घोषणा आणि धावणारी पावलं. अशाच एका सकाळी आम्ही टेकडीवरच्या देवीच्या देवळात जाऊन आलो. अक्काने हात जोडले आणि मोठ्याने, घरोघरची नावं घेऊन, गावाचे सगळे नमस्कार तिथे पोचते केले. शेवटी म्हणाली, "हे महादेवाचे आहेत व माय. तुझ्याच घरात आहे तो, सांगजो त्याले. आमचा रस्ता बंद आहे." तिचं ओझं उतरलं. माझं उतरलं नव्हतं.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला एक प्रसंग झाला. अक्काने रोजच्यासारखं निरांजन लावून खिडकीत ठेवलं. अक्काला आमा, म्हणजे आई, म्हणणारी कमलादिदी जिना चढून धावत आली. "आमा, आज बत्ती बंद! सगळं गाव अंधार करणार आहे, राजाला दाखवायला. विझवा तो दिवा!"

अक्काला अर्थ मी सांगितला. ती दिव्यापुढे हात धरून उभी राहिली. "तिन्हीसांजेले दिवा इझवायचा? ह्या बाईचा मालक तुरुंगात आहे. तिच्या घरातला दिवा मी इझवू?"

मी हे हिंदीतून सांगितलं. खाली रस्त्यावर कोणीतरी आमच्या खिडकीकडे बघून ओरडत होतं. मग कमलादिदीनेच निरांजन उचललं, पदराआड धरून स्वयंपाकघरात नेलं आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं. तिथून बाहेर उजेड जात नव्हता. आम्ही चौघं तिथेच बसलो. बाहेर सगळं गाव आपल्या मर्जीने काळोखात बसलं होतं. त्या अंधारात कोणी भ्यालेलं नव्हतं. कमलादिदी दिव्याकडे बघत नवऱ्याबद्दल बोलत राहिली, नेपाळीत, आणि अक्का आपल्या बोलीत "हाव, हाव" म्हणत राहिली.

आमचा परतीचा दिवस आला. सकाळची बस होती, ती चुकली तर गोरखपूरची गाडी चुकणार आणि आरक्षण फुकट जाणार. आजोबा शांतपणे म्हणाले, "सुमन, आपण प्रयत्न केला. बाजारात डोंगराचं चित्र मिळतं. ते घे अक्काला."

अक्का गाठोडं बांधून बसली होती. तक्रार नव्हती. तेच मला बघवेना. मी आयुष्यभर घड्याळावर चाललेली बाई, तुमच्या बाबांच्या मुंजीत भटजींना वेळेवरून सुनावलेली. पण नानाचा शब्द माझ्या कानात होता. आता परत गेलो तर अक्का उरलेलं आयुष्य चित्राकडे बघणार.

"गाठोडं सोडा अक्का," मी म्हटलं. "आपण जात नाही."

"आन गाडी?"

"जाऊ दे."

"कधीपर्यंत राहायचं?" आजोबांनी विचारलं.

"दिसेपर्यंत."

"आणि नाहीच दिसला तर?"

"तुमच्या गोळ्या आहेत तोवर तरी दिसेल," मी म्हटलं. आजोबांनी टोपी काढली नाही, एवढ्यावरून मी समजले की वाद संपला.

त्यानंतरच्या एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं. वारा सुटला, पत्रे थडथडले आणि गारा पडू लागल्या. बोरांएवढ्या, मग लिंबांएवढ्या. कमलादिदी अंगणात टाळ्या वाजवत होती. "पडू दे! आता धूर बसेल! उद्या बघा, आमा!"

अक्का खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढरा. "केयी गेली," ती म्हणत होती. "सगयी केयी गेली."

तुम्हाला हे कळणार नाही म्हणून सांगते. केळीच्या पानाला गार लागली की पान फाटतं, घड काळा पडतो, आणि वर्षाचं सगळं दहा मिनिटांत संपतं. अक्काने ते आयुष्यात अनेकदा पाहिलं आहे. गारांचा आवाज आला की आमच्या घरात स्वयंपाक थांबतो. मी तिचा हात धरून म्हटलं, "अक्का, ही पोखऱ्याची गार आहे. आपली केळी इथे नाही." तिने मान हलवली, पण गारा थांबेपर्यंत हात सोडला नाही.

पहाटे कमलादिदीने दार वाजवलं. रेडिओवर रात्री उशिरा सांगितलं होतं की राजाने पक्षांवरची बंदी उठवली. ती हसत होती, रडतही होती. "ते सुटतील आता!" आणि मग, जसं काही दुसरं कामही लक्षात आलं, "आमा, वर चला. लवकर."

गच्चीला लाकडी शिडी. अक्काचे गुडघे दुखरे. वरून आजोबांनी ओढलं, खालून कमलादिदीने आणि मी ढकललं. शेवटच्या पायरीवर अक्का थांबली, कारण समोर बर्फाचा डोंगर होता.

मुलांनो, मी त्याचं वर्णन करू शकत नाही, आणि माझं इंग्रजीही तिथे कामाला आलं नाही. इतकंच सांगते की मी क्षितिजावर शोधत होते आणि तो क्षितिजाच्या कितीतरी वर होता, जिथे ढग असायला हवेत तिथे. माशाच्या शेपटीसारखं टोक, आणि त्यावर नुकतं ऊन येत होतं.

अक्का म्हणाली, "येवढा मोठा. आन सातबारा कोनाच्या नावावर?"

"कोणाच्याच नाही, अक्का."

"बरं आहे."

खाली रस्ता भरून गेला होता. इतके दिवस बंद असलेली दारं उघडून माणसं बाहेर आली होती, ताशे वाजत होते, एकमेकांच्या अंगावर लाल अबीर, आपल्या गुलालासारखा, उधळत होती. शेजारच्या मुली ताटल्या घेऊन गच्च्यागच्च्यांवरून धावत आल्या. त्यांनी आजोबांची टोपी लाल केली, माझे गाल लाल केले. एकीने मूठ भरून अबीर अक्काच्या कपाळाला फासला आणि हसत पुढे पळाली.

नानाचे वडील गेल्यापासून त्या कपाळाला कोणी काही लावलं नव्हतं. आमच्या गावात लावतही नाहीत. आजोबांनी मान फिरवली. मी घाईने पदराचं टोक हातात घेतलं आणि पुसायला म्हणून अक्काच्या समोर जाऊन उभी राहिले.

अक्काने माझा हात धरला आणि मला बाजूला केलं.

"सरक व सुमन. मले डोंगर दिसू नही राह्यला."